‘तार गेली नाही’ म्हणजे काय?

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहारातून घरी परतलो होतो. जेवणे व्हायची होती. इतक्यात मागच्या गल्लीतील वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दवाखान्याची फाईल, एक सीडी आणि बिलांचा गठ्ठा. जयभीम करून खाली बसल्या, पण बोलेचनात. माझ्या पत्नीने पाणी दिले तेव्हा म्हणाल्या, “भाऊ, तार गेली नाही म्हणून राह्यले डॉक्टर. म्हणजे का झालं? पैसे तर पुरे घेतले. मंग तार गेली कुठं?”

त्यांचे यजमान इतवारीत पोती वाहण्याचे काम करतात. वय बावन्न. मधुमेह जुना आणि खर्ऱ्याची सवय त्याहून जुनी. काही महिन्यांपासून पोते घेऊन जिना चढले की छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटायचे, बसले की थांबायचे. ‘गॅस असेल’ म्हणून दिवस काढले. शेवटी एका खाजगी दवाखान्यात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तीनपैकी एक रक्तवाहिनी पूर्ण बंद निघाली. दुसऱ्या दिवशी अँजिओप्लास्टीसाठी आत नेले. दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, ‘तार गेली नाही, ब्लॉकेज जुने आहे. बायपास करा, नाही तर पुन्हा एकदा प्रयत्न करू. चार दिवसांत कळवा.’ एवढे बोलून ते दुसऱ्या रुग्णाकडे गेले.

घरात नातेवाइकांची बैठक बसली. एक म्हणाला, डॉक्टरांनी फसवले. दुसरा म्हणाला, तार आतच अडकली आहे, आता माणूस वाचणे कठीण. तिसऱ्याने कहर केला. कुठल्याशा बाबाकडून मंतरलेला काळा गंडा आणून तो मनगटावर बांधायला सांगितले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात गंडा! ज्या मनगटातून डॉक्टरांनी तार घातली, त्याच मनगटावर दोरा. वहिनींनी तो बांधू दिला नाही, हे त्यांचे धैर्य. परंतु मंगळसूत्र विकायचे की नाही, हा प्रश्न घेऊन त्या आल्या होत्या.

मी डॉक्टर नाही. कारकुनी करतो. पण वस्तीतील रुग्णांना घेऊन मेडिकल आणि मेयोच्या खिडक्यांसमोर उभे राहण्यात बरीच वर्षे गेली. तेथील डॉक्टरांना विचारून आणि मिळेल ते वाचून जे समजले, ते त्या दिवशी वहिनींना सांगितले. आपल्या अनेक घरांवर हा प्रसंग येतो, म्हणून येथे लिहीत आहे.

अँजिओप्लास्टी म्हटले की आपल्या लोकांना ‘फुगा’ आणि ‘स्प्रिंग’ एवढेच ठाऊक असते. स्प्रिंग म्हणजे स्टेंट. पण खरे काम त्याच्या आधी होते आणि ते करते एक तार. तिला गाईडवायर म्हणतात, म्हणजे वाट दाखवणारी तार. परकराच्या नेफ्यात नाडी कशी ओवतात? नाडी मऊ, ती एकटी पुढे जात नाही. तिच्या टोकाला सेफ्टी पिन लावतो, आणि बाहेरून बोटांनी चाचपत पिन पुढे सरकवतो. पिन पलीकडच्या तोंडातून बाहेर आली की नाडी आलीच. पिन मध्येच एखाद्या टाक्यात अडकली तर नाडी कितीही चांगली असो, उपयोग नाही. डॉक्टर ‘तार गेली नाही’ म्हणतात तेव्हा पिन अडकलेली असते. फुगा आणि स्टेंट अजून पाकिटातच असतात.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य रक्तवाहिन्या साधारण बॉलपेनच्या रिफिलएवढ्या जाड असतात, पुढे त्या निमुळत्या होत जातात. मनगटातून किंवा जांघेतून एक पोकळ नळी आत घालतात. ती सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असते आणि हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी जाऊन थांबते. तिच्या पोकळीतून ही तार पुढे सोडतात. तार सहा फूट लांब, पण जाडी फक्त ०.३६ मिलिमीटर, म्हणजे शिवणाच्या सुईपेक्षा बारीक. आतला गाभा स्टीलचा किंवा निकेल-टायटॅनियम या मिश्रधातूचा असतो. टोकाकडे तो निमुळता होतो आणि त्यावर अतिशय बारीक वेटोळे गुंडाळलेले असते. त्यात प्लॅटिनमसारखा धातू असल्यामुळे टोक एक्स-रेच्या पडद्यावर ठळक दिसते. काही तारांवर असा लेप असतो की ओल्या झाल्या की त्या शेवाळावर पाय पडावा तशा निसटतात.

डॉक्टर टोकाचा एक-दोन मिलिमीटर भाग बोटांनी किंचित वाकवतात. बाहेर राहिलेल्या भागाला एक छोटी मूठ लावतात. ती फिरवली की सहा फुटांवरचे वाकडे टोक आत फिरते. अशा रीतीने फाटा आला की डावीकडे की उजवीकडे, हे बाहेरून ठरवता येते. रुग्ण जागा असतो, हृदय धडधडत असते, आणि त्या हलत्या वाटेवर ही तार न्यायची असते. अडथळा ओलांडून टोक पलीकडे गेले की निम्मी लढाई संपली. मग दोऱ्यात मणी ओवावा तसा फुगा तारेवरून सरकवतात, फुगवतात, नंतर स्टेंट त्याच वाटेने जातो. काम संपले की तार बाहेर काढतात. ती शरीरात ठेवण्याची वस्तूच नाही. आत राहतो तो फक्त स्टेंट. वहिनींच्या नातेवाइकांची ‘तार अडकली’ ही भीती अशी निराधार होती.

या तारेचा इतिहासही मोठा आहे आणि तो हिमतीचा आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे गावच्या इस्पितळात वेर्नर फोर्समन नावाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टराने हाताच्या शिरेतून लांब नळी स्वतःच्याच हृदयापर्यंत घातली. वरिष्ठांनी मनाई केली होती. गर्डा डिट्झेन नावाची परिचारिका ‘माझ्यावर प्रयोग करा’ म्हणून तयार झाली. फोर्समनने तिला टेबलाला बांधले आणि गुपचूप स्वतःवरच प्रयोग केला. मग दोघे चालत एक्स-रेच्या खोलीत गेले. त्याची त्या वेळी हेटाळणी झाली. पुढे त्याला आणखी दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली. ज्या वर्षी आपण नागपुरात धम्मदीक्षा घेतली, त्याच वर्षी.

१९५३ साली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगर यांनी साधी पण अचूक युक्ती काढली. रक्तवाहिनीत सुई टोचायची, सुईतून तार आत सोडायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी सरकवायची. शरीर न कापता आत शिरण्याचा दरवाजा मिळाला. आज जगभर तीच रीत वापरतात. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांच्यापुढे ८२ वर्षांची एक बाई होती. पायाची रक्तवाहिनी आवळलेली, बोटे सडू लागलेली. शल्यचिकित्सक पाय कापायला सांगत होते आणि बाई ठाम नकार देत होती. डॉटर यांनी अडथळ्यातून आधी तार नेली, तिच्यावरून एकापेक्षा एक जाड नळ्या सरकवल्या आणि वाट मोठी केली. पाय वाचला. हे डॉटर गिटारच्या तारांपासूनसुद्धा गाईडवायर तयार करायचे. त्यांना लोक वेडा चार्ली म्हणत.

हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा नेला तो आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर बनवले होते. मात्र त्यांच्या फुग्याला पुढे तारेचे एक आखूड, पक्के बसवलेले टोक होते. ते वेगळे फिरवता येत नसे. त्यामुळे जवळचे, सरळ वाटेवरचे अडथळेच उघडता यायचे. १९८२ साली कॅलिफोर्नियाच्या जॉन सिम्पसन यांनी तार फुग्यापासून सुटी केली. आता तार आधी हवी तिकडे वळवायची आणि फुगा मागून आणायचा, हे शक्य झाले. माझ्या मते अँजिओप्लास्टी सामान्य माणसापर्यंत पोहोचली ती या सुट्या तारेमुळे. १९८६ मध्ये फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये पहिले स्टेंट बसवले गेले. आपल्या देशात याच सुमारास चेन्नईत डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलरिक्कल यांनी या उपचाराचा पाया घातला.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. तार जाते कधी आणि जात नाही कधी?

हृदयविकाराचा ताजा झटका येतो तेव्हा बहुधा रक्ताची नवी गुठळी वाट अडवून बसलेली असते. ती मऊ असते. साधी, मऊ टोकाची तार त्यातून बहुतेक वेळा सहज निघून जाते. तेथे अडचण तारेची नसते, वेळेची असते. दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो. दवाखान्यात पोहोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत रक्तवाहिनी उघडावी, असा डॉक्टरांचा दंडक आहे. म्हणून छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम आणि गुदमरणे, असे काही झाले तर ओवा-सोडा खाऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. जवळ कॅथलॅब नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन पुढे नेता येते. मधुमेही माणसाला तर कधी कधी कळ येतच नाही, नुसता घाम आणि थकवा येतो. बाबासाहेबांनाही मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. तरी आपल्या वस्तीत साखर तपासायला लोक कंटाळा करतात.

वहिनींच्या यजमानांचे प्रकरण वेगळे होते. त्यांची रक्तवाहिनी झटक्याने बंद झालेली नव्हती, ती हळूहळू बुजत गेली होती. तीन महिने किंवा अधिक काळ पूर्ण बंद असलेल्या वाटेला डॉक्टर जुना पूर्ण अडथळा मानतात. गुठळीचे रूपांतर घट्ट तंतूंत होते, वर टोपीसारखे कडक झाकण तयार होते, कुठे चुना साठून दगड होतो. साधी तार तेथे जाऊन वाकते आणि परत फिरते.

तारेच्या टोकाची ताकद ग्रॅममध्ये मोजतात. किती जोर दिला की टोक वाकते, ते माप. नेहमीची तार एक ग्रॅमच्याही आत वाकते. म्हणूनच ती सुरक्षित असते. जुन्या अडथळ्यासाठी डॉक्टर आधी मऊ तार घेतात, ती गेली नाही तर तीन ग्रॅमची, मग सहाची, नऊची, बाराची. काहींचे टोक आणखी निमुळते असते. पण जितकी तार कडक, तितकी ती रक्तवाहिनीची भिंत भोसकण्याची भीती जास्त. भिंत फुटली तर हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साठते, हृदय दाबले जाते आणि सुई घालून ते रक्त तातडीने काढावे लागते. म्हणून एका टप्प्यावर हात आखडता घेणारा डॉक्टर घाबरट नसतो. शिवाय वाट पाहण्यासाठी जे औषधी द्रव्य सोडतात, त्याचा भार मूत्रपिंडावर पडतो. एक्स-रेचा माराही वाढत जातो. मधुमेही रुग्णात तर हे दोन्ही सांभाळावे लागते.

यातही युक्त्या आहेत आणि त्या मला फार आवडल्या. कधी तार खऱ्या वाटेत न जाता भिंतीच्या थरांमध्ये शिरते. आपण काय करू? चुकलेली तार काढून घेऊ. अनुभवी डॉक्टर ती तशीच ठेवतात आणि तिच्या शेजारून दुसरी तार घालतात. पहिली तार चुकीची वाट बुजवून धरते आणि पडद्यावर खूणही दाखवते की इकडे येऊ नको. दुसरी युक्ती उलट्या बाजूने येण्याची. रक्तवाहिनी हळूहळू बंद होत असताना शरीर स्वतःच दुसऱ्या रक्तवाहिनीकडून बारीक आडवाटा काढते. मोठा रस्ता बंद पडला की लोक गल्लीबोळांतून जाऊ लागतात, तसेच. महालात राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. केळीबाग रोडवर गर्दी तुंबली की आपण कोठून कोठून बडकस चौक गाठतो! केसासारख्या त्या आडवाटेतून तार नेऊन अडथळ्याच्या मागच्या बाजूने गाठतात. मागची बाजू पुष्कळदा पुढच्यापेक्षा मऊ असते. अशा कामात जपानच्या डॉक्टरांनी जगाला पुष्कळ शिकवले. मात्र हे काम तासन् तास चालते, दोन ठिकाणांहून नळ्या घालाव्या लागतात आणि प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञ ते नेहमी करतोच असे नाही. नेहमी करणाऱ्या केंद्रांत दहापैकी साडेआठ-नऊ रुग्णांत तार जाते. पहिल्या प्रयत्नात न गेलेली तार दुसऱ्या वेळी, दुसऱ्या हातून जाते, असेही पुष्कळदा घडते.

मग घाई करायची का? येथे वहिनींना मी जरा थांबवले. जुना अडथळा उघडला म्हणजे आयुष्य वाढतेच, असे सिद्ध झालेले नाही. दक्षिण कोरियातील एका मोठ्या अभ्यासात, जो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, नुसत्या औषधांवर ठेवलेल्या आणि अडथळा उघडलेल्या रुग्णांच्या मृत्यूंत फरक आढळला नाही. युरोपातील २०१८ च्या अभ्यासात अडथळा उघडलेल्यांचे छातीचे दुखणे मात्र अधिक कमी झाले. म्हणजे हा उपचार मुख्यतः त्रास कमी करण्यासाठी आहे. औषध घेऊनही माणसाला काम करता येत नसेल तर तो करावा. ताज्या झटक्यात एक-एक मिनिट मोलाचे. जुन्या, स्थिर दुखण्यात विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायला बहुधा वेळ असतो. तो आपल्याकडे आहे का, एवढे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. ‘आज ठरवले नाही तर काय बिघडेल?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, हे कालामांना सांगणाऱ्या तथागतांचे आपण उपासक आहोत.

नंतर बिल घेऊन बसलो. हिशेब तपासणे हा माझा रोजचा धंदा. त्यात तीन गाईडवायर लावल्या होत्या. वहिनींचा भाऊ म्हणाला, ‘एकही गेली नाही आणि तीन-तीनचे पैसे?’ पण वर सांगितल्याप्रमाणे एकामागून एक कडक तारा वापराव्या लागतात, त्यामुळे तीन हा आकडा खोटा म्हणता येत नाही. फाईलमध्ये तिन्ही पाकिटांची चिठ्ठी चिकटवलेली होती. ती पाहावीच. चिठ्ठी नसेल तर मागावी. स्टेंट बसवलाच नव्हता, त्यामुळे बिलात त्याची ओळ असता कामा नये, आणि ती नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषधी लेपाचा स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्यानंतर हे आकडे वेळोवेळी बदलले. स्टेंटचे नाव, कंपनी आणि बॅच नंबर बिलात वेगळा दाखवण्याचे बंधनही तेव्हाच आले. पण त्या मर्यादेत तार, फुगा आणि नळ्या नव्हत्या. बिल फुगते ते बहुधा तेथे.

दुसरी चूक त्यांची स्वतःची. घरी केशरी रेशनकार्ड आहे, पण दाखल होताना ना त्यांनी सांगितले, ना कोणी विचारले. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना अँजिओप्लास्टीलाही लागू आहे. योजनेतील दवाखान्यात आरोग्यमित्राचे टेबल असते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी तेथे जावे, मग बाकीचे. एकदा पैसे भरून झाल्यावर धावाधाव करणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिले. हाती काही लागत नाही. आणि अँजिओग्राफीची सीडी प्रत्येकाने मागून घ्यावी. ती रुग्णाची आहे. ती असली की दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यापासून तपासणी करावी लागत नाही.

त्याच सीडीवर आमचे काम भागले. बुधवारी सुटी टाकून वहिनींबरोबर सरकारी रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पडद्यावर उजवीकडची बंद वाट दाखवली आणि डावीकडून तिला रक्त पोहोचवणारे धाग्यासारखे आडमार्गही दाखवले. म्हणाले, हृदयाचे पंपिंग चांगले आहे, बाकी दोन रक्तवाहिन्या ठीक आहेत, बायपासची घाई नको. औषधे बदलून दिली, खर्रा त्याच दिवसापासून बंद करायला सांगितला आणि तीन महिन्यांनी बोलावले.

तीन महिन्यांत खर्रा सुटला, पण सुटताना घरच्यांचे हाल झाले. साखर आटोक्यात आली. मालकाने त्यांना पोती मोजण्याच्या कामाला लावले, मजुरी थोडी कमी केली. रोज सकाळी ते गांधीसागर तलावापर्यंत चालत जातात. सपाट रस्त्यावर त्रास नाही. घराचा जिना चढताना मात्र छाती अजून भरून येते. म्हणून पुन्हा प्रयत्न करायचे ठरले आहे. या वेळी असे जुने अडथळे नेहमी उघडणारे डॉक्टर येणार आहेत आणि योजनेतून मंजुरीही आली आहे. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

गेल्या रविवारी विहारात वहिनी दुसऱ्या एका बाईला समजावून सांगत होत्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळून दाखवत म्हणाल्या, “इकडून नाही गेली तर तिकडून टाकतेत बाई. उलटी. आणि तरी नाही गेली तर औषध आहेच.” मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात होते.